बाबांची वाचा गेली आहे, बोलणारं ॲप किंवा टॅब सुचवा (बजेट ५,०००)

माडाखालचा:
जानेवारीत बाबांच्या (६७) उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी धरून चालतात, पण बोलणं परत आलं नाही. डॉक्टर अफेजिया म्हणाले. आपण बोललेलं कळतं, तोंडातून मात्र फक्त 'होय' येतं. चहा हवा तरी होय, नको तरी होय. काल तीन कप प्यायले, चौथा खळ्यात ओतून दिला. घर देवबागेत, पावसात रेंजचा भरवसा नाही. मराठी हवंच.

गॅजेटकर:
५,००० मध्ये टॅब नव्हे, पाटी येईल. आईचे दात काढले तेव्हा मी तिला आयपॅड घेतला. वर 'आवाज' ॲप. एक नंबर! पैसे जातात, पण वडील एकदाच मिळतात.

चिपळूणचे_नाना:
मग पाटीच द्या की! आमच्या काकांचं स्वरयंत्र काढलं होतं. पाटीवर लिहून नऊ वर्षं संसार केला, भांडणंसुद्धा.

स्पीचवाली:
नाना, काकांचा आवाज गेला होता, शब्द नव्हते गेले. अफेजियात मेंदूतला भाषेचा भागच दुखावतो, बहुतेकांचा डाव्या बाजूचा. त्यामुळे लिहिणंही अडतं. माडाखालचा, आधी खर्च करू नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे, मराठीत आहे. चित्राला बोट लावलं की बोलतं. शिवाय 'चहा हवा का?' असं विचारूच नका. एका हातात कप, दुसऱ्या हातात पेजेची वाटी धरा आणि बोट दाखवू द्या.

गॅजेटकर:
आयपॅडची बॅटरी दिवसभर पुरते.

वेंगुर्ल्याची_सून:
आम्ही जेलो टाकलं होतं. सासऱ्यांनी मोबाइल उशीखाली सारला. सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय बालवाडीचा?" पण गणपतीत सासऱ्यांनी अख्खी आरती म्हटली! एक शब्द चुकला नाही.

चिपळूणचे_नाना:
बघा! देवाचं नाव घेतलं की वाचा येते.

स्पीचवाली:
पाठ असलेली आरती, आकडे, शिव्यासुद्धा कित्येकांच्या तोंडून निघतात. चालीवर शब्द बसवायची उपचारपद्धत १९७३ पासून आहे. पण आरती आली म्हणून पाणी मागता येईलच असं नाही. थेरपिस्ट गाठाच.

कुडाळ_लोकल:
दिव्यांग कार्ड काढा. २०१६ च्या कायद्यात वाचा आणि भाषादोष आहे, त्यात अफेजिया येतो. आमच्या खेपेला खिडकीवरचा म्हणाला, "काय होतंय ते त्यांनाच सांगू दे." तिथे मीच शिव्या दिल्या.

चिपळूणचे_नाना:
मी पाटी आधीच सांगितली होती.

माडाखालचा:
सगळ्यांचे आभार. टॅब घेतला नाही. जेलो दाखवलं, बाबांनी मान फिरवली. मग घरातल्या वस्तूंचे बारा फोटो लॅमिनेट करून आणले. त्यांतला संडासाचा तेवढा ठेवला, बाकीचे परत दिले. कप आणि वाटी मात्र चालतंय, चहा वाया जात नाही.
परवा भिंतीकडे काठी करून कॅलेंडर उतरवायला लावलं. डावं बोट अमावास्येवर ठेवलं, मग खिडकीबाहेर होडीकडे केलं. मी विचारलं, "उधाण?" तर "होय!" आणि हा होय होयच होता. दोघा शेजाऱ्यांना घेऊन होडी वर ओढली. आता कॅलेंडर खाटेशीच टांगलंय. भाच्याची मुंज, बाजाराचा दिवस, माझी सुट्टी, सगळं त्यावर बोट ठेवून विचारतात. ५,००० मधले काही होडीच्या दोराला गेले, उरलेले थेरपिस्टकडे जाण्यायेण्याला ठेवलेत.

गॅजेटकर:
आयपॅडमध्ये कॅलेंडर असतं.