ठेवी आधी की कर्ज?
लोकांनी ठेवी वाढवल्या की बँकांकडे सौरऊर्जेसाठी पैसा येईल, असं काहीजण म्हणतात. गाडी इथेच अडते. बँक कर्ज देते तेव्हाच कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव तयार होते. बँक ऑफ इंग्लंडने (ब्रिटनची मध्यवर्ती बँक) २०१४ मध्ये हे सविस्तर मांडलं होतं. मग हा नवा पैसा कुठे जातो ते पाहा. बराचसा घर-जमीन तारण ठेवून दिलेल्या कर्जांत, कारण वसुली सोपी. कर्ज देऊन नवा पैसा तयार करण्याचा बँकांचा अधिकारच काढून घ्यायचा प्रस्ताव स्विस मतदारांनी २०१८ मध्ये साफ फेटाळला. मला चीनचा मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो (लोकशाहीचं सोडा): २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने कार्बन घटवणाऱ्या कर्जांची ६० टक्के रक्कम बँकांना १.७५ टक्के व्याजाने द्यायला सुरुवात केली. फक्त प्रकल्प खरंच हरित आहे का, हे तपासणारा बँकेबाहेरचा हवा.