‘अ‍ॅक्वा टीन हंगर फोर्स’ कोणत्या क्रमाने बघू?

मंडळी, या अमेरिकन कार्टून मालिकेबद्दल मदत हवी आहे. मास्टर शेक, फ्रायलॉक आणि मीटवॉड, म्हणजे मिल्कशेक, फ्राइज आणि मांसाचा गोळा, न्यू जर्सीत राहून केसेस सोडवणार म्हणे! ते डिटेक्टिव्ह प्रकरण लवकरच गुंडाळलं, मग शेजारच्या कार्लच्या स्विमिंग पूलमध्ये फुकट डुंबणं सुरू. (मला तर कार्लच जास्त आवडतो, बिचारा.) अकरा-बारा मिनिटांचे एपिसोड, जेवताना एक सहज उरकतो. घोळ असा की २०११ ते २०१५ दर सीझनला मालिकेचं नावच बदललंय, ‘अ‍ॅक्वा युनिट पेट्रोल स्क्वॉड १’ वगैरे, त्यामुळे शोधताना काहीच्या काही सापडतं. सगळी नावं कुणी क्रमाने सांगेल का? आणि २००७चा सिनेमा मध्येच बघायचा की शेवटी ठेवला तरी चालेल?