'कॅश' तमिळ 'कासु'वरून आला का?

चौकस:
एक ढकलपत्र फिरतंय, इंग्रजी 'कॅश' म्हणजे मूळचा तमिळ 'कासु'. दोन्हीकडे पैसाच, उच्चारही जवळचा. मग यात खोट काय?

शब्दखुळा:
खोट एवढीच की इंग्रजीत 'कॅश' दोन आहेत. एका जुन्या नाण्याचं नाव असलेला 'कॅश' खरोखर 'कासु'चाच. रोख रकमेचा 'कॅश' मात्र लॅटिन 'काप्सा'चा, म्हणजे पेटीचा. तो फ्रेंच-इटालियनमधून 1590 च्या दशकात इंग्रजीत आला. जॉन फ्लोरिओच्या 1598 च्या इटालियन-इंग्रजी कोशात इटालियन 'कास्सा'चा एक अर्थ 'व्यापाऱ्याची कॅश' असा दिलाय, तो पेटीचाच. पुढे पेटी गळाली, आतला पैसा उरला. आपल्या 'गल्ल्या'चं बघा की. मुळात धान्य, उत्पन्न. मग दुकानातली पैशाची पेटी. आणि 'आज गल्ला किती झाला?' असं विचारताना पेट्या कोण मोजतंय!

नाणेवेडा:
नाण्याबद्दल थोडी भर. मद्रासकडे 80 कॅशचा 1 फनम आणि 42 फनमचा 1 पॅगोडा (ही दोन्ही कॅशहून मोठी नाणी), म्हणजे एका पॅगोड्याला 3360 कॅश. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1808 च्या तांब्याच्या नाण्यांवर रोमन आकड्यात 10 किंवा 20 आणि पुढे 'कॅश' असं स्पष्ट छापलंय. ही इंग्लंडात पाडलेली. ती घेऊन निघालेलं 'अ‍ॅडमिरल गार्डनर' जहाज जानेवारी 1809 मध्ये केंटच्या किनाऱ्याजवळ बुडालं. त्यातली नाणी 1980 च्या दशकात वर काढली, म्हणून आज बाजारात ती बऱ्यापैकी मिळतात. पृष्ठभाग खाऱ्या पाण्यानं खाल्लेला असेल तर दचकू नका.

चौकस:
पण कंपनीच्या शंभर वर्षं आधी पोर्तुगीज इथे होते. 'कासु' त्यांच्याकरवी इंग्रजीत गेला नसेल कशावरून?

शब्दखुळा:
गेलाच, पण नाणं म्हणून! पोर्तुगीजांकडे पेटीला 'काइशा' शब्द आधीच होता, 'कासु' त्यांनी त्याच साच्यात बसवला. सगळा घोळ तिथला. नुसत्या सनावळीवरून हा वाद मिटत नाही, अर्थावरून मिटतो: 'कासु' म्हणजे नाणं, आणि रोख रकमेच्या 'कॅश'ची सुरुवात पेटीपासून. मोठ्या इंग्रजी कोशात दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात. पहिली वाचून पान उलटू नका. आणि हो, सैन्यातून बडतर्फ करण्याला इंग्रजीत 'कॅशियर' करणं म्हणतात, तो तिसराच, डचमधून आलेला. त्याचा ना पेटीशी संबंध, ना कासुशी.