प्रतिसाद: मोठं रुग्णालय आणि लांबचं गाव

प्रांताच्या मुख्य शहरात एक अद्ययावत मोठं रुग्णालय उभारलं की काम झालं, हे वरचं मत मला पटत नाही. कॅनडातला सास्काचेवान प्रांत बघा. क्षेत्रफळ साडेसहा लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम बारा लाख. अवघड शस्त्रक्रिया, लहान मुलांचं विशेष रुग्णालय हे सगळं सास्काटून आणि रेजायना या दोन शहरांत. मग उत्तरेकडच्या वस्तीतल्या बाळंतिणीने काय करायचं?

म्हणून तर तिथल्या सरकारने 1946 मध्येच हवाई रुग्णवाहिका सुरू केली. पुढच्याच वर्षी प्रांतभर रुग्णालय विमा आला. डॉक्टरांची फी भरणारी योजना मात्र 1962 ची, आणि तीही डॉक्टरांच्या 23 दिवसांच्या संपानंतर टिकली.

पण 1993 मध्ये खर्च कमी करायचा म्हणून 52 छोट्या ग्रामीण रुग्णालयांमध्ये रुग्ण दाखल करून घेणं बंद झालं. बरीचशी नुसती आरोग्य केंद्रं उरली. कागदावर हिशेब बरोबर असेलही, पण हिमवादळात रस्ता बंद असताना छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला तो हिशेब काय कामाचा? खाटा मोजताना तिथवर पोहोचायला लागणारा वेळही मोजायलाच हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.