एग-मोर्त (दक्षिण फ्रान्स): एका दिवसात काय पाहावं? मदत हवी आहे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नीम शहरात मुक्काम आहे, त्यातला एक दिवस एग-मोर्तसाठी ठेवलाय. सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत, त्या पूर्ण शाकाहारी.

१. स्वतःची गाडी नाही, मग कसं जायचं?
२. गुलाबी पाण्याचे फोटो गावाच्या तटबंदीवरून काढलेत की मिठागरात वेगळं जावं लागतं?
३. फ्रान्सचा राजा नववा लुई याची धर्मयुद्धाची जहाजं इथून निघाली असं वाचलं. नकाशात तर समुद्र पाचसहा किलोमीटर लांब दिसतो. तो मागे हटला का?

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण गाव समजायला तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. गाव तेराव्या शतकातही थेट समुद्रावर नव्हतं. भोवती खाऱ्या पाण्याची उथळ तळी होती आणि समुद्राशी ये-जा त्या तळ्यांतून नि कालव्यांतून चाले. नावाचा अर्थच 'मेलेलं पाणी', म्हणजे साचलेलं. अशी गैरसोयीची जागा निवडली, कारण मार्सेय हे मोठं बंदर प्रोव्हान्समध्ये होतं आणि प्रोव्हान्स तेव्हा फ्रान्सच्या राजाकडे नव्हता. भूमध्य समुद्राकडे स्वतःचा दरवाजा हवा म्हणून लुईने १२४० मध्ये ही जमीन एका मठाकडून घेतली. १२४८ आणि १२७० अशा त्याच्या धर्मयुद्धाच्या दोन्ही मोहिमा इथूनच निघाल्या. दुसरीत तो ट्युनिसला वारला. १४८१ मध्ये प्रोव्हान्स, आणि त्याबरोबर मार्सेय, फ्रान्सला मिळालं. इकडे कालवे गाळाने भरत होतेच. बंदर मागे पडलं.

एक दुरुस्ती आधीच सांगून ठेवतो. तट लुईने बांधला असं बरेच जण धरून चालतात. त्याचा आहे तो कोपऱ्यातला गोल कोंस्तांस बुरूज, पायथ्याशी सहा मीटर जाडीच्या भिंतींचा. १,६३४ मीटरचा तट त्याच्या मृत्यूनंतर, तिसऱ्या आणि चौथ्या फिलिपच्या काळातला.

बुरुजाच्या वरच्या दालनात घाई करू नका. पुढे हा बुरूज प्रोटेस्टंट बायकांचा तुरुंग झाला. मारी द्युराँ १७३० ते १७६८, तब्बल ३८ वर्षं इथे कोंडलेली होती. धर्म सोडते म्हटलं असतं तर सुटली असती. दालनाच्या मधोमध जमिनीत गोल भोक आहे, त्याच्या दगडी काठावर 'रेझिस्ते' (विरोध करा) असं कोरलंय. तिनेच कोरलं असं मानतात. अक्षरं झिजलेली, वाकडीतिकडी आहेत. उभं राहून दिसत नाहीत, वाकून पाहा.

प्रतिसाद २

नीमहून ल ग्रो-द्यु-र्वाकडे जाणारी लोकल गाडी घ्या, एग-मोर्त त्याच मार्गावर आहे. पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि स्टेशनातून तट चालत काही मिनिटांवर. घोळ होतो तो स्टेशनाच्या नावात. नीमला दोन स्टेशनं आहेत: गावातलं 'नीम साँत्र' आणि शहराबाहेरचं 'नीम पों-द्यु-गार'. तुमची गाडी साँत्रवरून सुटते. पॅरिसहून वेगवान गाडीने येत असाल तर तिकिटावर कोणतं नाव आहे ते नक्की पाहा. परतीची वेळ सकाळीच टिपून ठेवा, गाड्या दर तासाला असतीलच असं नाही.

प्रतिसाद ३

गुलाबी पाण्याबद्दल. दक्षिणेकडच्या तटावरून मिठागरं आणि मिठाचे पांढरे ढीग दिसतात, पण लांबून, रंगाची नुसती पट्टी. फोटोतला रंग हवा तर मिठागरातच जा: छोट्या पर्यटक-गाडीने, सायकलने किंवा पायी. तटापासून चालत साधारण अर्धा तास.

रंग येतो दुनालिएला सलिना या सूक्ष्म शैवालामुळे. क्षार वाढले आणि ऊन तापलं की ते कॅरोटिन तयार करतं. आर्टेमिया नावाची बारीक कोळंबी ते खाते, फ्लेमिंगो आर्टेमिया खातात. पिसांचा गुलाबी रंगही तिथूनच. हिवाळ्यात किंवा ढगाळ दिवशी पाणी राखाडी दिसतं आणि लोक फसवणूक झाली म्हणतात. ऑगस्टअखेर ही उत्तम वेळ.

उरण-भाईंदरची मिठागरं पाहिली असतील तर एक फरक जरूर बघा. आपल्याकडे भरतीचं पाणी उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) आत घेतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, म्हणून तिथे पाणी पंपाने खेचतात आणि कित्येक किलोमीटर एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात. लिटरला तीसेक ग्रॅम मीठ असलेलं पाणी २६० ग्रॅमच्या आसपास पोचलं की मीठ बसतं. आपली काढणी जूनच्या पावसाआधी, त्यांची शरदातल्या पावसाआधी, म्हणजे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. तुम्हाला कदाचित चालू काढणी दिसेल. 'फ्लर द सेल' वेगळं: वारा पडला की पाण्यावर धरणारी पातळ साय, ती हाताने काढतात.

धागाकर्ती

खूप आभार! सासूबाईंचे गुडघे दुखतात. तट झेपेल का? आणि जेवण?

प्रतिसाद २

तट झेपणार नाही. मध्ये मध्ये पायऱ्या आहेत, सावली कुठेच नाही. त्या प्लास सँ-लुई चौकात बसतील, तुम्ही सकाळी लवकर तट फिरून या. दुपारनंतर मिठागर गाडीने, त्यात दोघींना जमेल. टोपी, पाणी आणि डासांचं मलम हवंच. मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा थांबला की कामार्गमधले (या दलदलीच्या भागातले) डास तुटून पडतात.

जेवणात 'गार्दियान' टाळा, ते बैलाच्या मांसाचं कालवण आहे. 'तेलीन' म्हणजे शिंपले. कामार्गचा लाल तांदूळ बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण तो मांसाच्या रश्शात शिजवलाय का हे विचारा: 'साँ व्हियांद, साँ प्वासों' (मांस नको, मासे नकोत). बेकरीतली इथली गोड 'फूगास' मात्र घ्याच. लोणी, साखर आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेला मऊ पाव. अंडंही चालत नसेल तर घेण्याआधी 'साँ झ्यफ?' विचारा.