नवऱ्याची सिगरेट सोडवायची आहे, पण या खेपेला माझ्यामुळे बिघडायला नको (मदत हवी आहे)

लग्नाला १४ वर्षं झाली. नवरा त्याच्याही आधीपासून ओढतो. आता ४१ वर्षांचा आहे. दिवसाला १२-१५, ऑफिसात ताण असला की २०. घरात ओढत नाही, गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो. मुलगी दहा वर्षांची आहे.

आधी माझे प्रताप सांगते, म्हणजे तेच सल्ले परत यायला नकोत. शर्टांचा वास घेऊन झाला. खिसे तपासून झाले. पाकिटातल्या सिगरेटी त्याच्या नकळत मोजून झाल्या. काळ्या फुप्फुसांचे फोटो पाठवून झाले. एकदा आख्खं पाकीट नळाखाली धरलं. मुलीला "बाबा, माझ्यासाठी सोड ना" म्हणायला लावलं, त्याची मात्र आता लाज वाटते. या सगळ्यातून निष्पन्न काय झालं, तर जो माणूस उघडपणे गॅलरीत ओढायचा तो गाडीत लपून ओढायला लागला. गाडीच्या खणात ओल्या टिश्यूंचं पाकीट आणि अत्तराची बाटली सापडली तेव्हा क्षणभर मला वेगळीच शंका आली होती, त्यावर आम्ही नंतर हसलो. पण खोटं बोलायची सवय त्याला मीच लावली हे काही हसण्यासारखं नाही.

आता मुद्द्यावर येते. चार महिन्यांपूर्वी त्याने आपणहून सोडली. मला सांगितलंसुद्धा नाही, दोन दिवसांनी मलाच कळलं. १९ दिवस टिकला. ते १९ दिवस घरात सगळे पाऊल न वाजवता चालत होतो. तिसऱ्या दिवशी पेन सापडेना म्हणून त्याने टेबलाचे तिन्ही खण जमिनीवर उपडे केले. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचा. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला, त्यामुळे "सोडून काय मिळालं" हे सुरू झालं.

एकोणिसाव्या संध्याकाळी मुलीने रिमोटच्या बॅटऱ्या काढून स्वतःच्या घड्याळात घातल्या. एवढ्यावरून तो तिच्यावर असा ओरडला की ती बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. आणि माझ्या तोंडून गेलं, "यापेक्षा तू ओढत होतास तेच बरं होतं."

तो काही बोलला नाही. चपला घातल्या, खाली गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा वास दारातच आला. मी गप्प, तोही गप्प. तेव्हापासून परत १२-१५ वर आहे.

परवा भांडी आवरताना म्हणाला, "परत एकदा बघावं म्हणतो." मी नुसतं "हं" केलं. काय बोलावं तेच सुचेना.

तर मी करू काय? तोंडाला कुलूप लावून बसू का? ते पहिले दोन-तीन आठवडे घरात निभवायचे कसे? पट्ट्या, च्युइंगम, गोळ्या यांत खरंच काही दम असतो का? तो "इच्छाशक्ती असली की पुरे" पंथातला आहे. आणि घसरला तर मी कशी वागू? कॅन्सरचे आकडे कृपया नकोत. ते त्याला माझ्याहून जास्त पाठ आहेत.

– गॅलरीचं दार

---

जुना धुरकट:

ताई, २२ वर्षं ओढली, सोडून सहा झाली. सोडणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

पहिलं म्हणजे त्या वाक्याचं ओझं निम्मं खाली ठेवा. एकोणिसाव्या दिवशी आमच्या डोक्यात एक वकील बसलेला असतो आणि तो दिवसभर परवानगीच शोधत असतो. तुम्ही बोलला नसतात तर बॉस बोलला असता, नाहीतर लिफ्ट बंद पडली असती. मी एकदा शेजाऱ्याची बढती साजरी करायला म्हणून परत सुरू केली होती. शेजाऱ्याशी धड ओळखही नव्हती.

मात्र निम्मंच ठेवा. कारण ते वाक्य त्याला लागलं असणार. आम्हाला मनातून हीच भीती असते की सिगरेटीशिवायचा मी हा असाच आहे, चिडका आणि कुणालाही नकोसा. तसं नसतं. ते निकोटिन उतरण्याचं चिडणं असतं आणि त्याला मुदत असते. मला दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला, मग हळूहळू उतरत महिनाभरात बरंच निवलं. हे आधी ठाऊक असलं की घरच्यांनाही पानं मोजता येतात.

आणि "सिगरेटीने डोकं शांत होतं" हा मोठा घोटाळा आहे. धूर आत गेला की निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं होतं. म्हणजे तास-दोन तासांनी जी तगमग होते ती मागच्या सिगरेटीने लावलेली, आणि पुढची ती विझवते. आग लावणाराच बंब घेऊन येतो आणि आपण त्याचे आभार मानतो.

बायकोने काय केलं ते सांगतो. "आज ओढलीस का?" हा प्रश्न तिने बंद केला. नुसतं "कसा गेला दिवस?" विचारायची. पहिल्या प्रश्नाला मी खोटं बोलायचो. दुसऱ्याला खरं सांगताना एकदा आपसूक सांगून गेलो की दुपारी दोन ओढल्या. ती म्हणाली, "बरं, मग आता?" बस्स. मला वाटतं मी त्या "मग आता" वर सोडली.

---

सरळसोट:

पोटच्या पोरीसाठी सोडत नाही तो कुणासाठी सोडणार? मुलीला घेऊन महिनाभर वेगळं राहा, आपोआप सुटेल.

---

गॅलरीचं दार:

@सरळसोट, वेगळं राहायचं कारण असतं तर धागा वेगळा काढला असता. माणूस चांगला आहे, सिगरेट वाईट आहे.

@जुना धुरकट, "मग आता" लिहून ठेवलं.

---

स्टेथोस्कोप:

डॉक्टर आहे. इथे लिहिलेलं तपासणीच्या जागी धरू नका, पण तयारीला उपयोगी पडेल.

इच्छाशक्तीवाल्या पंथाला एक प्रश्न विचारा: सकाळी उठल्यापासून पहिली सिगरेट किती वेळात? दिवसाला किती ओढतो यापेक्षा हे जास्त बोलकं असतं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराला निकोटिनची चांगलीच सवय आहे. त्या माणसाने आधाराशिवाय १९ दिवस काढले असतील तर इच्छाशक्ती त्याच्याकडे रग्गड आहे, तिची परीक्षा आणखी कशाला घ्यायची?

पट्टी त्वचेवर चिकटवायची असते, ती दिवसभर थोडं थोडं निकोटिन सोडते. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून काही आठवड्यांनी १४ आणि मग ७ वर आणतात. अचानक येणारी हुक्की पट्टीने पुरती भागत नाही, त्यासाठी सोबत च्युइंगम. दोन्ही मिळून एकट्याने वापरण्यापेक्षा चांगलं काम करतात हे पुष्कळ चाचण्यांतून दिसलं आहे. च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅमचं येतं, अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४. आणि ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं, निम्मे लोक इथेच फसतात. दोन-चारदा चावायचं, जीभ झिणझिणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की परत चावायचं. सटासट चावलं तर निकोटिन पोटात जातं, मग उचक्या, मळमळ आणि "हे मला मानवत नाही". खाण्यापिण्यानंतर १५ मिनिटं तोंडात टाकू नये. कॉफी किंवा आंबट पेय प्यायलेल्या तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन चांगली चालते. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, साधारण १२ आठवडे देतात, मळमळ होऊ शकते. बुप्रोपिऑन दुसरी, पण फिट्स येणाऱ्याला ती चालत नाही. दोन्ही डॉक्टरांशी बोलूनच.

आता रात्री दोनचं उठून बसणं. तो चहा-कॉफी किती घेतो? सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन झटपट निकालात काढायला लावतात. धूर थांबला की हा वेग पडतो, आणि तेवढ्याच कपांचं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साचतं. मग छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, आणि खापर सगळं सिगरेट सोडण्यावर फुटतं. पट्टी लावली तरी हे होतं, कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. पहिल्या दिवसापासून कप निम्मे करा. याच कारणाने दमा किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांचा डोस बदलावा लागतो, तो अशी औषधं घेत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

खोकला वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस इतकी वर्षं धुराने लुळे पडलेले असतात, ते कामाला लागून साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवड्यांत बसतो. रक्त पडलं किंवा खोकला लांबला तर मात्र दाखवायचं.

हळूहळू कमी करू की एकदम बंद? २०१६ साली जवळपास ७०० जणांवर झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत चार आठवड्यांनी एकदम सोडणारे ४९ टक्के टिकले होते, दोन आठवड्यांत कमी करत आणणारे ३९ टक्के. त्यामुळे मी तारीख ठरवून एकदम बंद करायला सांगतो, पण कुणाला दुसरी वाट जमत असेल तर अडवत नाही.

तुम्हाला घाबरवणारे आकडे नकोत, मग उलटे घ्या. ब्रिटिश डॉक्टरांचीच १९५१ साली सुरू झालेली पाहणी ५० वर्षं चालली. तिचा निष्कर्ष असा, की साठीत सोडणाऱ्याला आयुष्याची सुमारे ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९. तुमचा नवरा ४१ चा आहे ना?

---

दोघंही:

आमच्यात मी आणि बायको दोघंही ओढायचो, आणि आमच्या गप्पा व्हायच्या त्या खिडकीत उभं राहून ओढतानाच. सोडल्यावर सिगरेटीइतकीच ती दहा मिनिटं आठवायची. एकमेकांशी बोलायचं कारणच गेलं! मग जेवणानंतर तेवढ्याच वेळाला त्याच खिडकीत उभं राहायचं ठरवलं, हात रिकामे. पहिले काही दिवस फार मूर्खासारखं वाटलं.

सांगायचं एवढंच की गॅलरीत तो नुसता धूर काढत नसेल. दिवसातली त्याची एकट्याची जागा ती असेल. सिगरेट काढून घेताना गॅलरी काढून घेऊ नका.

---

खिडकी उघडी:

आकडे नको म्हणालात, पण हा नवऱ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. १९८१ साली जपानच्या ताकेशी हिरायामांनी स्वतः न ओढणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे नवरे खूप ओढायचे त्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जास्त निघाले. तुमच्यासमोर दार ओढून घेतो हे चांगलंच, पण धूर फटीतून येतो, कपड्यांवर येतो, आणि गाडीत तुमची मुलगीही बसते. तर "तू मरशील" यापेक्षा "घर आणि गाडी मला धुराशिवाय हवी" हे एकदाच आणि शांतपणे सांगा. यात त्याच्यावर आरोप नाही, तुमची मागणी आहे. मग परत परत नको.

---

गॅलरीचं दार:

तीन आठवड्यांनी लिहितेय.

आधी माफी मागितली. चार महिन्यांपूर्वीच्या त्या वाक्याची. तो म्हणाला, "कुठलं वाक्य?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आठवतंय."

मग विचारलं, मी काय करू नको? हा प्रश्न मी १४ वर्षांत विचारला नव्हता. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. मोजू नकोस, आणि आज कितवा दिवस ते मुलीला सांगू नकोस. दुसरी ऐकून मला कसंतरीच झालं. मागच्या खेपेला मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते, मला वाटायचं त्याला हुरूप येईल. त्याला त्या फुल्यांची धास्ती वाटत होती.

गाडीचं सांगितलं. तो नुसता मान हलवून गेला, पण दुसऱ्या दिवशी गाडी आतून धुऊन आणली.

डॉक्टरांकडे दोघं गेलो. पहिली सिगरेट उठल्यावर दहा मिनिटांत, असं त्याने तिथे सांगितलं, मला हे माहीत नव्हतं. पट्टी आणि ४ चं च्युइंगम दिलं. कॉफी पाचावरून दोनवर आणली आहे आणि झोप खरंच बरी आहे. @दोघंही, गॅलरीत तो अजून जातो. मी दार उघडत नाही.

सहाव्या दिवशी ऑफिसच्या पार्टीत एक ओढली. घरी येऊन स्वतः सांगितलं. मी "मग आता?" म्हणाले, आवाज जरा कापला माझा. तो म्हणाला, "आता झोपतो." सकाळी नवी पट्टी लावून गेला.

कितवा दिवस आहे ते इथेही लिहीत नाही.

एक शंका: त्याला भयंकर स्पष्ट स्वप्नं पडतात. परवा स्वप्नात शाळेची आख्खी परीक्षा दिली. काल रात्री पट्टी काढून झोपला तर स्वप्न नाही. असं काढलेलं चालतं का? काढलेली पट्टी सकाळी आरशावर चिकटवलेली सापडली, खाली पेनने "शुभ प्रभात" लिहिलेलं.

---

स्टेथोस्कोप:

स्वप्नं पट्टीचीच. रात्री काढली तर चालते, सकाळी नवी लावायची, दर वेळी जागा बदलून. सकाळची तलफ जोरात आली तर उठल्या उठल्या च्युइंगम हाताशी ठेवा. एक सिगरेट ओढली म्हणून पट्टी बंद करायची नसते, त्याने केलं ते बरोबर केलं.

आरशावर मात्र नको! वापरलेल्या पट्टीतही बरंच निकोटिन उरलेलं असतं आणि घरात लहान मूल आहे. चिकट बाजू आत दुमडायची आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी टाकायची. शुभ प्रभात कागदावर लिहायला सांगा.