विषय: दादरच्या घरातल्या कॉम्प्युटरशी वायरगार्ड जोडणी

नमस्कार मंडळी,
दादरला आईबाबांकडच्या लिनक्स कॉम्प्युटरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. राउटरवर त्याचा पोर्ट यूडीपी ५१८२० फॉरवर्डही केलाय, तरी इथून लॅपटॉपवरून हँडशेक (दोन मशीनची पहिली ओळखपाळख) होत नाही. काय तपासू?

उत्तर:
ताई, आधी बाबांना राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) वाचायला सांगा. १००.६४ ते १००.१२७ यांतला काही किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कनेक्शन बहुधा सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहे. एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, मग तिथे पोर्ट उघडून उपयोग काय?

स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पब्लिक पत्ता) मिळत असेल तर तो घ्या. नाहीतर पब्लिक आयपी असलेला भाड्याचा छोटा सर्व्हर मधे ठेवा. ५१२ एमबी रॅम पुरते. घर आणि लॅपटॉप, दोन्हीकडून त्यालाच जोडायचं. त्याच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० उघडा (टीसीपी नव्हे) आणि आयपी फॉरवर्डिंग (एकाकडून आलेलं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू करा. ते राहिलं तर हँडशेक होतो, पण लॅपटॉपवरून घराला पिंग जात नाही.

पत्ते असे द्या: सर्व्हर १०.८.०.१, घर १०.८.०.२, लॅपटॉप १०.८.०.३. खरी गफलत अलाउड आयपीजमध्ये (कोणते पत्ते कोणत्या पीअरकडे, म्हणजे जोडलेल्या मशीनकडे, जातील त्या यादीत) होते. सर्व्हरवर प्रत्येक पीअरला त्याचा एकच पत्ता, /३२ लावून. दोघांना /२४ (म्हणजे १०.८.०. ने सुरू होणारे सगळे पत्ते) दिलंत तर नंतरचा पीअर आधीच्याचा पत्ता काढून घेतो. घरी आणि लॅपटॉपवर मात्र १०.८.०.०/२४.

घरच्या बाजूला परसिस्टंट कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट) हवाच, नाहीतर नॅटमधली जोडणीची नोंद पुसली जाते. प्रायव्हेट की (मशीनची गुप्त किल्ली) ज्या मशीनवर बनवली तिथेच राहू दे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

पुन्हा विचारते:
दादा, जोडलं! पिंग जातं, एसएसएचही (दुरून कमांड चालवणं) चालतं, पण मोठी फाइल मधेच अडकते. आणि लाइट जाऊन आली तर?

उत्तर:
अडकण्यामागे बहुधा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइट्समध्ये) आहे. मूळ १४२० असतो, दोन्ही टोकांना १२८० करून बघा. चाललं तर हळूहळू वाढवा.

लाइटसाठी सिस्टमडीमध्ये (लिनक्स सुरू होताना सर्व्हिस चालू करणारी व्यवस्था) वायरगार्डची सर्व्हिस एनेबल करून ठेवा. घड्याळाची बॅटरी संपली असेल तर कॉम्प्युटर जुन्या वेळेवर उठतो, आणि आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक सर्व्हर नाकारतो. एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ लावणारी सेवा) वेळ लागली की आपोआप जुळतं. म्हणूनच घरच्या बाजूला अलाउड आयपीजमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळं इंटरनेट टनेलमधून, या वायरगार्ड जोडणीतून) लिहू नका. एनटीपीची विनंतीसुद्धा बंद टनेलमध्येच जाईल आणि वेळ कधीच लागणार नाही.